डावा नळ, उजवा नळ

सुऱ्या, तुझ्या शोकसभेत तुझी फार स्तुती झाली. इतकी, की तू असतास तर मधेच उठून विडी ओढायला गेला असतास. मला उठता आलं नाही, कारण मला पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. शहरातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या मंदाबाई, तुझ्या पिक्चरचं मराठी करणाऱ्या. माझा भाऊ, भावजय आणि आमच्या बौद्धवाडीतली सगळी माणसं मात्र देवळासमोरच्या पटांगणाच्या कडेला, गडग्यापलीकडे उभी होती. त्यांना तिथं कुणी उभं केलं नव्हतं. ती आपली आपण जाऊन उभी राहिली, आजवर राहत आली तशी. कमरेएवढा जांभ्याचा गडगा, एका ढांगेत पार होईल असा.

मग आपले गावकर दत्तारामतात्या बोलायला उभे राहिले. देवळाचा आणि पालखीचा सगळा कारभार त्यांच्याकडे, तेव्हा शेवटचं भाषण त्यांचंच. "सूर्यकांतानं आपल्या गावाला जग दाखवलान," ते म्हणाले. "तिकडं अमेरिकेत काळी माणसं म्हणून त्यांच्यावर कुत्री सोडली. येगळा नळ, येगळं बाकडं. बगून काळीज फाटायचं. देवीच्या कृपेनं आपल्याकडं तसं काय नाय."

लोकांनी माना डोलावल्या. गडग्यापलीकडेही एकदोघांनी डोलावल्या, सवयीनं. मला इतका संताप आला की खुर्चीचा हात धरून बसावं लागलं. आणि तेवढ्यात तात्यांनी जाहीर करून टाकलं, येत्या शिमग्यात सूर्यकांताच्या आठवणीसाठी तोच पिक्चर लावायचा, मंदाबाई बोलतील. टाळ्या झाल्या. मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी तुझ्याशी भांडते आहे. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलास, आणि अर्ध्या भांडणात जो मरतो तो जिंकतो. जिवंत माणसानं मग बोलत बसायचं, एकट्यानं.

तू बोट सोडून कायमचा घरी आलास ते दिवस मला आठवतात. शाळेत आपण एका वर्गात, पण एका बाकावर कधी नाही. पुढं तू बोटीवर इंजिनखोलीत, मी डीएड, बीएड करत शहरात. मधल्या वर्षांत रस्त्यात भेट झाली तर "काय मंदे, बरी हायस?" एवढंच. आणि एक दिवस तू रत्नागिरीत माझ्या दारात उभा, हातात एक सीडी. म्हणालास, "हे मराठीत करून दे. माजं इंग्रजी बोटीवरचं, शिव्यांपुरतं."

पिक्चर म्हणजे नट-नट्यांचा नव्हे. काळ्या-पांढऱ्या चित्रांचा माहितीपट. अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी हक्क मागितले तेव्हा त्यांच्याशी काय केलं गेलं, ते तेव्हाच कॅमेऱ्यानं टिपलेलं. हॉटेलात काळी पोरं स्टुलांवर जाऊन बसतात. मागून गोरी पोरं येतात, त्यांच्या डोक्यावर साखर ओततात, सॉस ओततात, मानेवर जळती सिगारेट टेकवतात. ती पोरं हलत नाहीत. पुढं एक पेटलेली बस. शाळकरी मुलांवर सोडलेले आगीच्या बंबाचे फवारे, त्यात एक मुलगी पानासारखी रस्त्यावरून ढकलली जाते. मी ते माझ्या टीव्हीवर पाहिलं आणि माझ्या स्वयंपाकघरात जाऊन रडले. बाहेर आले तर तू तसाच बसला होतास. तू म्हणालास, "ती पोरगी हाय ना फवाऱ्यातली, तिच्या भावाला मी ओळखतो."

एका दक्षिणेकडच्या बंदरात तुमची बोट दुरुस्तीसाठी अडकली होती. गोदीत काम करणारा एक म्हातारा काळा माणूस तुला खलाशांच्या क्लबात घेऊन गेला आणि त्यानं तुला हा पिक्चर दाखवला. त्या मुलीपाशी त्यानं बोट टेकवलं आणि म्हणाला, माझी बहीण. एवढंच तू मला तेव्हा सांगितलंस. बाकीचं तू पोटात ठेवलंस.

मग दर शिमग्यात आपला खेळ सुरू झाला. पिक्चरचा आवाज बारीक करायचा आणि नमनाच्या खेळासारखं आपण समोर उभं राहून बोलायचं. पुरुषांचं तू, बायकांचं मी. तरुणपणी नमनात राजाची कामं केलेला तू, माइक हातात आला की तुझी छाती रुंद व्हायची. काळ्यांवर कुत्री सोडणाऱ्या त्या शेरिफाचं तर तू असं बोलायचास की पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकायची. लोक हळहळायचे. साखरेच्या प्रसंगात वरच्या वाडीतल्या काशीकाकू दर वर्षी म्हणायच्या, "येवडी साखर फुकट घालवली मेल्यांनी." आणि डोळे पुसायच्या. खरे डोळे पुसायच्या, ते मी नाकारत नाही. मला त्यांच्या रडण्याचाच राग यायचा.

कारण मी कुठं उभी असायचे ते आठव. तू पटांगणात गडग्याजवळ दोन बांबू रोवायचास आणि त्यांना एकेरी मांजरपाट ताणायचास. देवळाच्या बाजूला सतरंज्यांवर गाव. गडग्याच्या बाजूला आमची वाडी, पडद्याच्या मागे. आम्ही देव सोडले पण नमन बघणं सुटलं नाही, आणि बघायची जागाही सुटली नाही. कापड पातळ, त्यामुळं मागूनही सगळं दिसे, फक्त उलटं. मी पडद्याच्या काठाला उभी असायचे, माइक धरून. एका डोळ्याला काशीकाकू, दुसऱ्या डोळ्याला माझी आई. मधे तो पिक्चर, ज्यात काळ्या माणसांना सिनेमागृहात वरच्या कोंदट माळ्यावर बसवतात. आणि त्या प्रसंगाला सतरंजीवरचं गाव च्च-च्च करायचं.

एका वर्षी, आठवतं तुला, दुसऱ्या दिवशी राजापूरच्या एसटीची वाट बघत थांब्यावर मी उभी होते. काशीकाकू बाजाराला निघालेल्या. आमच्या वाडीतल्या भागीआई ओले काजू विकायला निघालेल्या. दोघी एका वयाच्या, कडाक्याच्या भांडखोर. विषय पिक्चरचाच निघाला, पाण्याच्या नळाचा. भिंतीला शेजारी शेजारी दोन नळ, एक गोऱ्यांचा चकचकीत, एक काळ्यांचा गंजका.

"गोऱ्यांचा नळ डावीकडं होता," काशीकाकू म्हणाल्या.

"नाय गो. उजवीकडं."

"डावीकडं. मी समोर बसलेली."

"आनि मी काय पाठ करून बसलेली? मी नीट बगलाय, उजवा."

एसटी आली तरी दोघी हटेनात. कंडक्टर म्हणाला, "आजी, नळ कुठलापन असो, चढा आता." शेवटी एसटीत दोघी दोन टोकांना बसल्या आणि वाटेत पुन्हा तेच. दोघींचंही बरोबर होतं. गावानं पिक्चर दोन बाजूंनी पाहिला होता आणि दोन बाजू आहेत हेच कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, त्या दोघींच्यासुद्धा.

मी तुला हे सांगितलं तेव्हा तू हसत सुटलास, ठसका लागेपर्यंत. मीही हसले. आणि मग मला हसवेना. मी म्हटलं, "सुऱ्या, पडदा देवळाच्या भिंतीला लाव."

भिंतीला लावला की मागची बाजूच उरत नाही. गडग्यापलीकडून बघितलं तर पडद्याची नुसती कड दिसेल. बघायचं तर आत यावं लागेल, सतरंजीवर बसावं लागेल. मला एवढंच पाहिजे होतं. तू मान हलवलीस. "भिंतीला लावला तर वरची माणसं येणार नायत. मग दाखवू कुणाला? ज्यांना ठाऊक हाय त्यांना?"

"आणि आता काय दिसतं तुझ्या वरच्या माणसांना?"

"बगतायत तरी, मंदे. जरा दम धर गो."

हे तुझं दम धर. पिक्चरमधे ते भले पाद्री आहेत ना, काळ्यांना सांगणारे, तुमचं मागणं रास्त आहे पण वेळ चुकीची आहे, थोडं थांबा. त्यांचं बोलणं मराठीत तूच बोलायचास. मी तुला तोंडावर म्हटलं होतं, त्या भूमिकेत तुला अभिनय करावा लागत नाही. तू दोन महिने माझ्याशी बोलला नाहीस. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही. खरं होतं म्हणून लागलं तुला.

पण मग माझी आई गेली, दिवाळीच्या सुमाराला. आमच्या वाडीचं स्मशान ओढ्यापलीकडे, तिथं वरच्या वाडीतलं माणूस सहसा येत नाही. तू आलास. नुसता आला नाहीस, खांदा दिलास. माझ्या भावाच्या मागे तू, कानाशी बांबू, धोतर पऱ्याच्या पाण्यात भिजलेलं. परतताना मी काही विचारलं नव्हतं, तूच म्हणालास, "या शिमग्याला पडदा भिंतीला." माझ्या आईला त्या उलट्या पिक्चरमधून एकदा तरी सुलट बाजूला आणायचं राहिलं, पण बाकीचे येतील, असं मला वाटलं.

शिमगा आला. मी रत्नागिरीहून आले तर बांबू गडग्याजवळ. एकेरी मांजरपाट तसाच. मी तुला विचारलं तर तू दुसरीकडे बघून वायर जोडत राहिलास. म्हणालास, "पुढच्या वर्षी बगू." मी त्या रात्री तुझ्याशेजारी उभी राहून पिक्चर बोलले आणि एक शब्दही जास्त बोलले नाही. घरी जाताना मी तुला मनातून भित्रा म्हटलं. किती तरी शिमगे मी तुला भित्रा म्हणत होते.

आता तू गेल्यावर तुझ्या बायकोनं, सुलभावहिनींनी सांगितलं. त्या वर्षी सकाळी पालखी घरोघर फिरली तेव्हा तुझ्या दाराशी थांबली नाही. वहिनी ओटीचं ताट घेऊन पायरीवर उभ्या होत्या. सडा घातलेला, रांगोळी काढलेली. ढोल वाजत आले आणि वाजत पुढं गेले. तुझी म्हातारी आई आतून विचारत राहिली, आली का गो पालखी, आली का. तू तिला सांगितलंस, "यंदा वाट बदललीय." खांदा दिल्याचा तो हिशेब होता. आणि त्याच संध्याकाळी तू बांबू गडग्याजवळ रोवलेस.

हे मला का सांगितलं नाहीस? मी एवढी परकी होते? मला सांगितलं असतंस तर मी तात्यांच्या दारात जाऊन भांडले असते, म्हणून नाही सांगितलंस, हे कळतं मला. तू मला वाचवत होतास. सुऱ्या, ह्यानंच माझं डोकं फिरतं. माझ्या आईला खांदा दिला म्हणून तुझ्या दारातून देव परत गेला, आणि ते मला तुझ्या तेराव्यानंतर कळावं. वाचवणं हीसुद्धा तुमची मिरासच झाली. आम्ही तेवढे वाचवून घेणारे.

तुझं शेवटचं येणं मात्र मी जपून ठेवलं आहे. डॉक्टरकडून निघालास आणि सरळ माझ्याकडे आलास. सोड्यांची खिचडी केली होती, तू चवीनं खाल्लीस, डॉक्टरांनी मीठ बंद केलं असताना. खाऊन झाल्यावर हात तसाच ठेवून बसलास आणि बोललास. त्या बंदरातल्या म्हाताऱ्यानं पिक्चर संपल्यावर तुला एक प्रश्न विचारला होता. तुझ्या देशातपण असं काहीतरी आहे म्हणे, त्यानं विचारलं. मी तुझ्या गावात आलो, तर मला कुठं बसवतील?

"मग काय सांगितलंस?"

"मी म्हटलं, माज्या शेजारी." तू माझ्याकडे न बघता म्हणालास. "त्यानं माजा हात दाबला गो. खूश झाला म्हातारा. बोट सुटली तरी माज्या डोक्यातनं जाईना. म्हटलं, गावात पिक्चर दाखवू. दाखवून दाखवून एक दिवस तरी खोटं बोललेलं खरं होईल."

म्हणजे इतकी वर्षं तू गावाला पिक्चर दाखवत नव्हतास. तू त्या म्हाताऱ्याला दिलेलं उत्तर खरं करायला बघत होतास. मी पातेलं पुढं ओढलं. तुझ्या पानात अजून थोडी खिचडी वाढली. तू नको म्हणाला नाहीस.

आता शिमग्याचं सांगते. मी दुपारीच पोचले. वहिनींच्या घरी दुखवटा, त्या सणाला बाहेर पडणार नाहीत असं मी धरून चालले होते. त्या दारात उभ्या होत्या, काखोटीला पडदा. हातात घेतला तर जड लागला. त्यांनी मांजरपाट दुहेरी करून, कडेनं शिवून ठेवला होता. म्हणाल्या, "एकेरी नको आता." आणि माझ्याबरोबर चालू लागल्या. आम्ही दोघींनी देवळाच्या भिंतीला खिळे ठोकले. वहिनी स्टुलावर, मी खाली दोरी धरून.

दत्तारामतात्या आले. जरा वेळ बघत राहिले. "अगो, नेहमीच्या जागी लाव ना."

"इथं बरा दिसतो," मी म्हटलं.

"मागनं दिसनार नाय मग."

"कुणाला?"

मी हातोडी तशीच धरून वाट बघितली. इतक्या वर्षांत त्यांना हे तोंडानं म्हणावं लागलं नव्हतं, बांबूच म्हणायचे त्यांच्या वतीनं. शेवटी त्यांनी गडग्याकडे हनुवटी केली. "त्या लोकांना."

"ती लोकं पुढं बसतील," वहिनी वरून म्हणाल्या, आणि खिळा ठोकला.

दिवेलागणीला गाव जमलं. सतरंज्या भरल्या. वाडी येऊन गडग्यापलीकडे उभी राहिली, नेहमीच्या जागी. तिथून त्यांना पडद्याची कड तेवढी दिसत होती. मी माइक घेतला. पिक्चर लावण्याआधी मी त्या म्हाताऱ्याचं सांगितलं, तुझं सांगितलं. त्यानं काय विचारलं आणि तू काय खोटं बोललास ते. मग म्हटलं, "सुऱ्यानं गावाच्या वतीनं उत्तर देऊन ठेवलंय. ते खरं की खोटं, ते आज ठरू दे."

ढोलवाला उगाच ढोलाची दोरी आवळत राहिला. मग गडग्यातल्या वाटेनं भागीआई आत आल्या. काठी टेकत, सावकाश, जणू काजू घेऊन बाजाराला चालल्या आहेत. सरळ काशीकाकूंच्या सतरंजीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "सरक जरा. तो नळ कुटला ते आज बगतेच."

काशीकाकूंनी तात्यांकडे बघितलं. सुनेकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर काय काय येऊन गेलं ते मी बघत होते आणि मला कीव आली नाही. मग त्या सरकल्या. फार नाही, एका माणसापुरतं.

भागीआईंच्या मागून माझा भाऊ आला, भावजय आली, वाडी आली. आणि सतरंजीवरची माणसं उठू लागली. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. एकाला गुरं बांधायची आठवली, एकीला चूल. तात्या पालखीपाशी जाऊन पाठ करून बसले. तू म्हणायचास ना, भिंतीला लावला तर वरची माणसं येणार नाहीत. तुझं बरोबर होतं. येऊन उठून गेली. अर्ध्याहून जास्त पटांगण रिकामं झालं, आणि ती सगळी तीच माणसं, जी त्या पोरांच्या डोक्यावरच्या साखरेपायी रडायची.

मी पिक्चर लावला. शेरिफाचं मीच बोलले, पाद्र्याचंही मीच बोलले. तुझ्याइतकं जमलं नाही. नळांचा प्रसंग आला तेव्हा मी मुद्दाम गप्प राहिले. भागीआई पुढं वाकून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "डावाच गो."

"मी काय सांगत व्हते?" काशीकाकू म्हणाल्या.

मी वरचं काही मानत नाही, तुला ठाऊक आहे, आणि तूही देवळात गेलास तो वहिनींसाठी. पण तो म्हातारा तुला कुठं भेटलाच, तर त्याला सांग, तू बोललास ते खोटं नव्हतं, नुसतं फार लवकर बोललास. ये म्हणावं आमच्या गावाला. सतरंजीवर बसू देऊ, भागीआईंच्या शेजारी. जागा विचारायची गरज नाही, इतकी माणसं उठून गेली आहेत.